जेनकिन्स दुसऱ्या युजर खात्याखाली नेणे: चाउन झाल्यावर बिल्ड का पडतात

कमांडलाइन (धागाकर्ता):

जेनकिन्स, म्हणजे कोड आपोआप बांधून तपासणारा सर्व्हर, लिनक्सवर पॅकेजमधून बसवला की 'जेनकिन्स' याच नावाच्या खात्याखाली चालतो. तो दुसऱ्या खात्याखाली न्यायची कारणं वेगवेगळी असतात. सुरक्षा विभागाला सगळ्या सेवा ठरलेल्या सर्व्हिस खात्यांखाली हव्या असतात, सामायिक डिस्कवर लिहायला ठरावीक यूआयडी (खात्याचा आकडी क्रमांक) लागतो, किंवा कोणीतरी पूर्वी तो रूट या सर्वाधिकार खात्याखाली सुरू करून ठेवलेला असतो आणि आता तिथून उतरवायचा असतो. या कामाची प्रचलित कृती तीन पायऱ्यांत मावते: युजर बदला, चाउन (फाइलींची मालकी बदलणारी कमांड), रीस्टार्ट. तेवढ्याने जेनकिन्स उठतो, डॅशबोर्डही दिसतो. बिल्ड (कोड बांधण्या-तपासण्याची कामं) मात्र एकेक करून पडायला लागतात.

कारण साधं आहे. फाइलींची मालकी यूआयडीच्या आकड्याला चिकटलेली असते. पण सुडोचे (रूट म्हणून कमांड चालवण्याचे) हक्क, क्रॉनटॅब (ठरल्या वेळी चालणाऱ्या कमांडची यादी), डॉकर (कंटेनर चालवणारं साधन) वापरू देणारा ग्रुप हे सगळं खात्याच्या नावाला चिकटलेलं असतं, आणि एसएसएच किल्ल्या, मेव्हन या बिल्ड साधनाची सेटिंग, कोडच्या आवृत्त्या सांभाळणाऱ्या गिटचं कॉन्फिगरेशन हे खात्याच्या होम डिरेक्टरीला. चाउन फक्त पहिल्या प्रकाराला हात लावतं.

क्रम असा ठेवावा. नव्या खात्याचं नाव उदाहरणापुरतं 'बिल्डसेवा' धरलं आहे.

आधी आहे ते नोंदवून ठेवा. 'सिस्टिमसीटीएल कॅट जेनकिन्स' या कमांडने मूळ युनिट फाइल (सेवा कशी सुरू करायची ते सांगणारी) आणि तिच्यावर चढवलेले सगळे बदल एकत्र दिसतात. त्यातला युजर, ग्रुप, जेनकिन्स_होम (जेनकिन्सच्या डेटाची जागा) आणि वेबरूट टिपून घ्या. 'गेटएंट पासडब्ल्यूडी जेनकिन्स' ने जुन्या खात्याचं होम आणि शेल कळतं. 'आयडी जेनकिन्स' ने ते कोणकोणत्या ग्रुपात आहे ते.

मग मॅनेज जेनकिन्समधून 'प्रिपेअर फॉर शटडाउन' लावा, म्हणजे नवे बिल्ड सुरू होत नाहीत. चालू असलेले संपले की सेवा थांबवा. थांबवल्यावर 'पीग्रेप -यू जेनकिन्स' चालवून जुन्या खात्याची एकही प्रक्रिया मागे राहिली नाही ना, हे बघा. ग्रेडल या बिल्ड साधनाचा डीमन (पार्श्वभूमीला चालणारी प्रक्रिया) रिकामा बसला तरी तीन तास जिवंत राहतो, आणि तोवर त्याच्या लॉक फाइली पकडून ठेवतो.

परतीची वाट याच टप्प्यावर तयार करायची. पूर्ण बॅकअप हवाच, आणि टारने घेत असाल तर न्यूमेरिक-ओनर हा पर्याय द्या. त्याशिवाय 'गेटएफएसीएल -आर -पी' चं आउटपुट एका फाइलीत साठवा. त्यात प्रत्येक फाइलीचा मालक, ग्रुप आणि परवानग्या येतात. उद्या मागे फिरावं लागलं तर रूट म्हणून 'सेटएफएसीएल --रिस्टोअर' ला तीच फाइल दिली की मालकीही जशीच्या तशी परत येते. अख्खा बॅकअप उलगडत बसावं लागत नाही.

आता युजर बदला. मूळ युनिट फाइलीला हात लावू नका, पॅकेजच्या पुढच्या अपडेटला ती पुन्हा लिहिली जाते. 'सिस्टिमसीटीएल एडिट जेनकिन्स' ने ओव्हरराइड फाइल उघडा आणि सर्व्हिस विभागात दोनच ओळी लिहा:

यूजर=बिल्डसेवा
ग्रुप=बिल्डसेवा

मार्च २०२२ मध्ये आलेल्या २.३३२.१ या एलटीएस (दीर्घकाळ आधार मिळणाऱ्या) आवृत्तीपासून लिनक्स पॅकेजं सिस्टिमडीवर (लिनक्सच्या सेवा सुरू करणाऱ्या व्यवस्थेवर) गेली. त्याआधीच्या आवृत्त्यांत डेबियन कुळात /ईटीसी/डिफॉल्ट/जेनकिन्स आणि रेडहॅट कुळात /ईटीसी/सिसकॉन्फिग/जेनकिन्स या फाइलीत जेनकिन्स_यूजर बदलावा लागे. जुने लेख वाचून आजच्या सर्व्हरवर तिथेच बदल केला तर काहीच घडत नाही आणि त्रुटीही दिसत नाही.

चाउन तीन ठिकाणी करायचं: /व्हार/लिब/जेनकिन्स, /व्हार/कॅश/जेनकिन्स आणि असेल तर /व्हार/लॉग/जेनकिन्स. कॅशची जागा हमखास विसरली जाते. तिथे वॉर फाइल (जेनकिन्सचा प्रोग्रॅम) उलगडली जाते, आणि नव्या खात्याला तिथे लिहिता आलं नाही तर जेनकिन्स उठतच नाही. चाउनआधी जुने वर्कस्पेस (बिल्ड जिथे चालतात ती फोल्डरं) पुसता आले तर पुसा. लाखो बारक्या फाइलींवरून फिरण्यातच बहुतेक वेळ जातो, आणि वर्कस्पेस तर पुढच्या बिल्डला पुन्हा तयार होतातच.

शेवटी सेवा सुरू करा आणि दुसऱ्या खिडकीत 'जर्नलसीटीएल -यू जेनकिन्स -एफ' चालू ठेवा. मॅनेज जेनकिन्समधल्या 'सिस्टिम इन्फर्मेशन' पानावर यूजर.नेम, यूजर.होम आणि होम ही तीन मूल्यं पाहा. तिथे जे दिसतं ते जेनकिन्सच्या दृष्टीने खरं.

---

लॉगवाचक:

चाउनबद्दल एक भर घालतो. '-आर' दिलेलं चाउन वाटेत भेटलेल्या सिमलिंकच्या (दुसऱ्या जागेकडे नेणाऱ्या लिंकच्या) आत शिरत नाही. ते लिंकची स्वतःची मालकी बदलतं आणि पुढे जातं. जागा पुरेना म्हणून बिल्ड्स किंवा जॉब्स फोल्डर दुसऱ्या डिस्कवर नेऊन मूळ जागी लिंक ठेवलेली असते तिथे सगळा इतिहास जुन्याच मालकीचा राहतो. जेनकिन्स तो वाचू शकतो, म्हणून पानं नीट दिसतात. नवा बिल्ड लिहायची वेळ आली की पडतो.

/व्हार/लिब/जेनकिन्स हीच लिंक असेल तर आणखी वाईट. शेवटी तिरकी रेघ न देता चाउन केलं तर फक्त लिंक बदलते, आतलं काहीच नाही. आणि कमांड यशस्वी झाल्याचंच सांगते.

म्हणून चाउननंतर उलट तपासणी करावी:

फाइंड / -एक्सडेव्ह -यूजर जेनकिन्स

'एक्सडेव्ह' मुळे शोध एकाच फाइल सिस्टिमपुरता राहतो, तेव्हा प्रत्येक माउंटवर ही वेगळी चालवा. /टीएमपी मध्येही जुन्या खात्याच्या फाइली सापडतील. त्या डिरेक्टरीला स्टिकी बिट असतो, त्यामुळे नव्या खात्याला त्या पुसता येत नाहीत. एखादी स्क्रिप्ट तिथे ठरलेल्या नावाची फाइल लिहीत असेल तर ती तिथेच अडते.

---

निळा_दिवा:

नव्या खात्याचं होम काय ठेवावं? आमच्याकडे खातं तयार होतानाच /होम/बिल्डसेवा मिळतं. युनिटच्या ओव्हरराइडमध्ये एन्व्हायर्नमेंट म्हणून होम=/व्हार/लिब/जेनकिन्स दिलं तर भागेल ना?

---

कमांडलाइन:

अर्धंच भागेल, आणि हे अर्धं भागणं जास्त त्रासदायक. कोणतं साधन होम कुठून शोधतं यावर सगळं अवलंबून आहे.

गिट, एनपीएम, डॉकरची कमांड, जीपीजी ही मंडळी होम व्हेरिएबल वाचतात. ती नीट चालतील. एसएसएच मात्र व्हेरिएबलकडे बघत नाही. ते खात्याच्या पासडब्ल्यूडी (सिस्टिमवरच्या खात्यांची यादी) नोंदीतलं होम घेतं आणि तिथलं .एसएसएच फोल्डर उघडतं. जावाचंही तसंच: यूजर.होम पासडब्ल्यूडी नोंदीतून येतं, म्हणून मेव्हन तुमच्या व्हेरिएबलकडे दुर्लक्ष करून /होम/बिल्डसेवा मधलं .एमटू शोधतं. तिथे सेटिंग्ज.एक्सएमएल नाही, म्हणजे खाजगी रिपॉझिटरीचा पत्ता नाही आणि पासवर्डही नाही. मग एकाच पाइपलाइनमध्ये गिटचं नाव-ईमेल बरोबर, पण क्लोन करताना 'होस्ट की व्हेरिफिकेशन फेल्ड', आणि ते सोडवलं की मेव्हनची ४०१ (ओळख न पटल्याची) त्रुटी.

माझं स्पष्ट मत: खातं फक्त जेनकिन्ससाठीच असेल तर त्याच्या पासडब्ल्यूडी नोंदीतलंच होम /व्हार/लिब/जेनकिन्स करा. 'यूजरमॉड -डी' पुरेसं आहे. त्याला '-एम' जोडू नका, तो होममधला मजकूर हलवायचा पर्याय आहे. एवढं केलं की .एसएसएच, .एमटू, .ग्रेडल, .डॉकर, .जीएनयूपीजी सगळं जागच्या जागी सापडतं आणि जॉबमध्ये कोणी लिहून ठेवलेले पूर्ण पाथही मोडत नाहीत.

होम बदलायची मुभा नसेल तर ही सगळी फोल्डरं नव्या होममध्ये कॉपी करा, मालकी लावा, आणि .एसएसएच ७००, खाजगी किल्ली ६०० असं तपासा. होम डिरेक्टरी ग्रुपला लिहिण्यासाठी खुली असेल तर त्या खात्यावर किल्लीने लॉगिन होऊ पाहणाऱ्याला एसएसएच सर्व्हर नाकारतो, हेही ध्यानात असू द्या.

---

बिल्डकट्टा:

खात्याचं नुसतं नावच बदलायचं असेल तर एवढा खटाटोप लागत नाही. सेवा थांबवून 'यूजरमॉड -एल बिल्डसेवा जेनकिन्स' आणि 'ग्रुपमॉड -एन बिल्डसेवा जेनकिन्स'. यूआयडी तोच राहतो, होम तेच राहतं, त्यामुळे चाउनची गरजच नाही. एनएफएसवरच्या (नेटवर्कवरून जोडलेल्या डिस्कवरच्या) फाइलीही जशा होत्या तशा, कारण तिथे आकडाच महत्त्वाचा. खात्याची एखादी प्रक्रिया चालू असेल तर यूजरमॉड नकार देतं, म्हणून आधी सगळं थांबवा.

नावाला चिकटलेलं मात्र हाताने बदलायला लागतं: युनिटचा ओव्हरराइड, /ईटीसी/सुडोअर्स.डी मधल्या ओळी, क्रॉनटॅब. सुडोअर्सची फाइल नेहमी 'व्हिसुडो -एफ' ने उघडा. साध्या एडिटरमध्ये एक चिन्ह चुकलं तर त्या मशिनवरचा सुडोच बंद पडू शकतो, आणि तो दुरुस्त करायलाही सुडोच लागतो.

---

लॉगवाचक:

नावाच्या यादीत आणखी दोन. पोस्टग्रेसमध्ये लोकल कनेक्शनला पीअर ऑथेंटिकेशन असेल तर ते ऑपरेटिंग सिस्टिमचं युजरनेम बघतं. टेस्ट डेटाबेसला पासवर्डशिवाय जोडणारे जॉब नाव बदलताच 'पीअर ऑथेंटिकेशन फेल्ड' म्हणून पडतात. डेटाबेसमध्ये त्या नावाचा रोल तयार करा किंवा पीजी_आयडेंटमध्ये मॅपिंग लिहा.

दुसरं, /ईटीसी/सिक्युरिटी/लिमिट्स.डी मधल्या ओळी. त्या पॅम या लॉगिन-व्यवस्थेतून येतात, म्हणजे लॉगिन सेशनला लागतात. सिस्टिमडीने सुरू केलेल्या कंट्रोलरला (मुख्य जेनकिन्सला) त्यांचा उपयोग नाही, तिथे ओव्हरराइडमध्ये लिमिटनोफाइल (उघड्या फाइलींची मर्यादा) द्यावं लागतं. पण एसएसएचने सुरू होणाऱ्या एजंटला (बिल्ड चालवणाऱ्या दुसऱ्या मशिनवरच्या प्रक्रियेला) त्या लागतात. एजंटचं खातं बदललंत तर लिमिट्सची ओळही नव्या नावाने हवी. नाहीतर जड बिल्ड 'टू मेनी ओपन फाइल्स' वर अडकतात आणि दोष भलत्याच ठिकाणी शोधला जातो.

---

तिसरा_डोळा:

खातं डोमेनमधलं आहे, एसएसएसडीमधून (डोमेनची खाती लिनक्सला पुरवणाऱ्या सेवेतून) येतं. हाताने सेवा सुरू केली की चालते. मशिन रीबूट झालं की जेनकिन्स पडलेला असतो, स्टेटसमध्ये २१७/यूजर दिसतं. खातं तर अस्तित्वात आहे, 'आयडी' कमांड दाखवते.

---

कमांडलाइन:

२१७ चा अर्थ सिस्टिमडीला ते खातं त्या क्षणी सापडलं नाही. बूट होताना जेनकिन्स एसएसएसडीच्या आधी सुरू होतो आहे. ओव्हरराइडमध्ये युनिट विभाग करून दोन ओळी द्या:

आफ्टर=एसएसएसडी.सर्व्हिस
वॉन्ट्स=एसएसएसडी.सर्व्हिस

नुसतं 'आफ्टर' फक्त क्रम ठरवतं, एसएसएसडी सुरू करायची जबाबदारी घेत नाही, म्हणून 'वॉन्ट्स' ही हवं. जेनकिन्स_होम एनएफएसवर असेल तर त्याच विभागात 'रिक्वायर्समाउंट्सफॉर' लिहून तो पाथ द्या, नाहीतर माउंट होण्याआधी सुरू झालेला जेनकिन्स रिकामी डिरेक्टरी बघून नवीन इन्स्टॉलेशनचा विझार्ड दाखवेल. तो विझार्ड दिसला तर पुढे क्लिक करू नका. सेवा थांबवा आणि पाथ तपासा.

एनएफएसचं अजून एक. सर्व्हरवर रूट_स्क्वॉश (क्लायंटच्या रूटला हक्क नसलेलं खातं मानणारी सेटिंग) असेल, आणि तो मुळातच लावलेला असतो, तर क्लायंटवरून रूटने केलेलं चाउन 'ऑपरेशन नॉट परमिटेड' म्हणतं. ते स्टोरेज सर्व्हरवरच, यूआयडीचा आकडा देऊन करावं लागतं.

शक्य असेल तर मी जेनकिन्ससाठी त्या मशिनवरचंच लोकल सिस्टिम खातं निवडेन. बिल्ड सर्व्हर डिरेक्टरी सर्व्हरवर अवलंबून ठेवला की तिकडची प्रत्येक अडचण इकडे येते. आणि कोणा माणसाच्या लॉगिनखाली तर कधीच चालवू नये. त्या माणसाचा पासवर्ड संपला, खातं बंद झालं, की बिल्डही बंद.

---

निळा_दिवा:

चाउननंतर काही जॉबमध्ये गिट 'डिटेक्टेड ड्युबियस ओनरशिप' म्हणतंय. उपाय म्हणून सेफ.डिरेक्टरीला तारा-चिन्ह द्या असं सगळीकडे सांगितलं आहे. देऊ?

---

लॉगवाचक:

नको. ही तपासणी एप्रिल २०२२ मध्ये गिट २.३५.२ पासून आली, सुरक्षेच्या त्रुटीवरचा उपाय म्हणून. वर्कस्पेसचा मालक आणि गिट चालवणारं खातं वेगळं दिसलं की गिट थांबतं. म्हणजे तुमच्याकडे ते फोल्डर अजून जुन्या मालकीचं आहे, किंवा डॉकरमधल्या बिल्डने रूटच्या नावाने तयार केलेलं आहे. गिट तुम्हाला खरी अडचण दाखवतंय. तो वर्कस्पेस पुसा, पुन्हा क्लोन होऊ द्या. तारा-चिन्ह देऊन तपासणी बंद केली तर पुढची पायरी फाइल लिहिताना पडेलच.

तसंच 'चमोड -आर ७७७' चा मोह कोणीही करू नये. एसएसएच जगाला उघडी असलेली खाजगी किल्ली वापरायला नकार देतं, पोस्टग्रेसची .पीजीपास फाइल दुर्लक्षित होते, आणि सगळ्यात वाईट म्हणजे सीक्रेट्स फोल्डरमधली मास्टर.की त्या मशिनवरच्या प्रत्येकाला वाचता येते. क्रेडेन्शियल्स.एक्सएमएल मधले पासवर्ड शेवटी तिच्याच आधारावर उलगडतात. नव्या मशिनवर किंवा नव्या पाथवर नेतानाही क्रेडेन्शियल्स.एक्सएमएलसोबत अख्खं सीक्रेट्स फोल्डर गेलं पाहिजे, नाहीतर साठवलेला एकही पासवर्ड उघडत नाही.

---

बिल्डकट्टा:

एजंटबद्दल गोंधळ होऊ नये म्हणून लिहितो. कंट्रोलरचं खातं बदललं म्हणून एजंटवरचं खातं बदलत नाही, ती दोन वेगळी कामं आहेत. कंट्रोलरवरचे एक्झिक्युटर (बिल्ड चालवायच्या जागा) शून्य असतील, आणि ते तसेच असावेत, तर मेव्हन, एनपीएम वगैरेचा होमचा प्रश्न सगळा एजंटच्या बाजूचा आहे. कंट्रोलरवर मुख्यतः गिट आणि नोन_होस्ट्स (ओळखीच्या मशिनच्या किल्ल्यांची एसएसएचची यादी) उरतात. एजंटची होस्ट की 'नोन होस्ट्स फाइल' पद्धतीने तपासली जात असेल तर ती फाइल कंट्रोलरच्या खात्याच्या होममधली असते. ती नेली नाही तर खातं बदलल्यावर सगळे एजंट एकदम ऑफलाइन दिसतात.

डॉकरचे दोन मुद्दे. नव्या खात्याला 'यूजरमॉड -एजी डॉकर' ने ग्रुपात घाला. त्यातला 'ए' विसरलात तर बाकीचे सगळे पूरक ग्रुप काढले जातात. ग्रुप बदलल्यावर सेवा रीस्टार्ट हवी, चालू प्रक्रियेला नवा ग्रुप मिळत नाही. आणि डॉकर ग्रुप म्हणजे व्यवहारात रूटच, तेव्हा रूटपासून दूर जाण्यासाठी खातं बदलत असाल तर हे देण्याआधी विचार करा.

दुसरा मुद्दा, पाइपलाइनमधलं डॉकरचं 'इनसाइड' कंटेनर सुरू करताना एजंटच्या खात्याचा यूआयडी आकडा पाठवतं. नव्या खात्याचा आकडा वेगळा असेल तर आधीच्या आकड्याने भरलेले कॅश व्हॉल्यूम 'परमिशन डिनाइड' देतात. ते व्हॉल्यूम काढून टाकणं सोपं.

जेनकिन्सच कंटेनरमध्ये चालत असेल तर अधिकृत इमेजमधला युजर यूआयडी १००० आहे. होस्टवरून माउंट केलेलं फोल्डर त्याच आकड्याच्या मालकीचं हवं. होस्टवर त्या आकड्याचं नाव काहीही असलं तरी चालतं.

---

तिसरा_डोळा:

आफ्टर आणि वॉन्ट्सने रीबूटचा प्रश्न सुटला, आभार. आमच्या एका विंडोज सर्व्हरवरही जेनकिन्स लोकल सिस्टिमखाली आहे, तो डोमेन खात्यावर न्यायचा आहे. तिथे काय बघायचं?

---

लॉगवाचक:

पहिल्यांदा जेनकिन्स.एक्सएमएल उघडा आणि जेनकिन्स_होम कसं लिहिलंय ते बघा. लोकलॲपडेटा या व्हेरिएबलने लिहिलं असेल तर तो पाथ प्रत्येक खात्याला वेगळा उलगडतो. खातं बदललं की जेनकिन्स दुसऱ्याच रिकाम्या फोल्डरमधून उठतो आणि नवा विझार्ड दाखवतो. सेवा थांबवून डेटा तटस्थ जागी हलवा, एक्सएमएलमध्ये पूर्ण पाथ लिहा, 'आयकॅकल्स' ने नव्या खात्याला मॉडिफाय हक्क खालपर्यंत वारसाने द्या, आणि मग खातं बदला.

खातं सर्व्हिसेसच्या खिडकीतल्या लॉग ऑन टॅबमधून बदललं तर 'लॉग ऑन ॲज अ सर्व्हिस' हा हक्क आपोआप मिळतो. 'एससी कॉन्फिग' ने बदललं तर मिळत नाही, सेवा १०६९ देते. डोमेनची ग्रुप पॉलिसी हा हक्क ठरवत असेल तर हाताने दिलेला हक्क पॉलिसी रिफ्रेश झाल्यावर निघून जातो, म्हणून पॉलिसीतच नाव घालून घ्या. लॉगिन करून जोडलेलं झेड: सारखं ड्राइव्ह सेवेला दिसत नाही, जॉबमध्ये पूर्ण नेटवर्क पाथ लिहा. लोकल सिस्टिमची .एसएसएच आणि .एमटू फोल्डरं विंडोज\सिस्टिम३२\कॉन्फिग\सिस्टिमप्रोफाइल खाली असतात, तिथून कॉपी करायला विसरू नका.

---

निळा_दिवा:

वर्कस्पेस पुसल्यावर गिटची तक्रार गेली. शेवटचा प्रश्न. लिनक्सवरचं जुनं 'जेनकिन्स' खातं आता काढून टाकू का?

---

कमांडलाइन:

लगेच नको. कुलूप लावा, पुसू नका. 'पासडब्ल्यूडी -एल' ने फक्त पासवर्ड बंद होतो, एसएसएच किल्लीने आत येता येतं. 'यूजरमॉड --एक्स्पायरडेट १' ने खातंच मुदतबाह्य होतं, तेही लावा.

पुसलंत तर त्याच्या उरलेल्या फाइली नुसत्या आकड्याच्या मालकीच्या राहतात, आणि तोच यूआयडी उद्या दुसऱ्या कोणा नव्या खात्याला मिळाला की त्या फाइली त्याच्या होतात. शिवाय पॅकेजच्या पुढच्या अपडेटला त्याच नावाचं खातं पुन्हा तयार होऊ शकतं. होम दोन्ही खात्यांचं एकच ठेवलं असेल तर 'यूजरडेल' ला '-आर' देणं म्हणजे /व्हार/लिब/जेनकिन्स धोक्यात घालणं.

पॅकेज अपडेटनंतर मालकी तपासण्याची सवय मात्र ठेवा. जुन्या आरपीएम पॅकेजची स्क्रिप्ट अपडेटच्या वेळी जेनकिन्स_होमवर पुन्हा चाउन करत असे, आणि ते थांबवायला सिसकॉन्फिग फाइलीत जेनकिन्स_इन्स्टॉल_स्किप_चाउन 'ट्रू' करावं लागे. अपडेट झालं की सेवा सुरू करण्याआधी जेनकिन्स_होम आणि /व्हार/कॅश/जेनकिन्सवर 'एलएस -एलडी' मारून मालकाचं नाव बघा. महिन्यातून किंवा तिमाहीतून एकदाच चालणारे जॉब एकदा हाताने चालवून घ्या, आणि मगच गेटएफएसीएलची ती फाइल काढून टाका.